मालनबाईंची उजवी बाजू

मालनबाई गारखेड्यात चार घरी भाकऱ्या करतात. माझ्याकडे सर्वांत शेवटी येतात, म्हणून जरा टेकतात आणि चहा घेतात. गेल्या हिवाळ्यापासून त्या चहा निववून पिऊ लागल्या. मग एकदा शेंगदाणे खाताना त्यांनी पटकन पदर तोंडाला लावला. पदराला रक्त लागले होते.

“काय नाय काकू, मिसरी लावली की थांबतं.”

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू. लहानपणी आजीने बोटावर दिली, तेव्हापासून मालनबाईंचे दात घासणे तेच. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर रोज रांगेत उभे करून आमचे दात बघत. ते मी त्यांना सांगितले, तर म्हणाल्या, “आमचे दात आजवर कुणी बघितले नाय, म्हणून तर टिकले.”

तरी मी त्यांना क्रांती चौकातल्या दवाखान्यात नेले. डॉक्टर मेघा तरुण आहेत, पण बोलतात सावकाश. त्यांनी आरशात दाखवले. हिरडीच्या आत, मुळापर्यंत काळा थर दगडासारखा बसला होता. वरवर साफ करून भागणार नव्हते. भूल देऊन आतून खरवडावे लागणार होते, एका वेळी एक बाजू. दोन्ही बाजूंचे मिळून आठ हजार.

“नाय केलं तर?”

“हाड झिजतंय, मावशी. एकेक दात हलून पडेल.”

“आन् केलं तर घट्ट व्हतील?”

“गेलेलं हाड परत येत नाही. आहेत ते टिकतील. तेही मिसरी सोडलीत तर.”

रिक्षात मालनबाई उसळल्या. “आठ हजार देऊन नवे बी नाय, घट्ट बी नाय! हायेत तेच! यापरीस म्हैस बरी, दात बघून भाव तरी करतेत.”

मी पैसे देऊ केले. त्यांनी निम्मेच घेतले, तेही पगारातून कापायच्या अटीवर. उजवी बाजू झाली.

आठवड्याने हिरड्यांची सूज उतरली आणि दातांमध्ये फटी दिसू लागल्या. पाण्याने दात झिणझिणू लागले, हलणारा दात जास्तच हलू लागला. असे काही दिवस होईल, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. पण मालनबाईंच्या जावेने निदान केले, “त्यो दगडच दातास्नी धरून व्हता. काढला, मंग काय!” झाले. दात आवळून यावेत म्हणून मालनबाईंनी उजवीकडेच मिसरी चोळली. साफ केलेल्या हिरडीला ती मिरचीसारखी झोंबली. उजवीकडे चावले तर झिणझिण्या, डावीकडे चावले तर रक्त. चार घरच्या भाकऱ्या थापणारी ही बाई स्वतःची भाकरी वरणात कुस्करून गिळू लागली.

डाव्या बाजूसाठी आम्ही पुन्हा गेलो.

“मिसरी सुटली ना?”

“व्हय.”

डॉक्टरांनी तोंडात बघितले. उजव्या दातांच्या कडेला काळी रेघ पुन्हा धरली होती. त्या रागावल्या नाहीत. “आता पैसे घालवू नका. आधी ती सोडा, मग या,” एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मालनबाई पीठ मळता मळता थांबल्या.

“लावली नाय तर डोस्कं फुटतं, काकू. हात थरथरतेत, भाकर गोल येत नाय. लावली तर दात जातेत. सांगा, काय ठिवू?”

नुसते ‘सोडा’ म्हणणे सोपे होते, आणि ते डॉक्टरांनी म्हणून झाले होते.

हल्ली त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे. मिसरी फक्त डावीकडे लावतात. “उजवीला आता हात लावत नाय मी,” असे मला बजावून सांगतात. त्याने काय होणार, थुंकी तर सगळ्या तोंडात फिरते, असे मी म्हटले.

“फिरू द्या,” त्या म्हणाल्या. “डावी तर गेल्यालीच हाय.”