केसरबाईची बदकं

केसरबाईने आयुष्यात किती कोंबड्या पाळल्या, असं तिला विचारू नये. मोजता मोजता संध्याकाळ व्हायची. त्यांतल्या म्हाताऱ्या होऊन किती मेल्या, ते विचारावं. एकही नाही.

उंद्री गावातल्या घरी मागच्या दारी खुराडं होतं आणि त्याची चाकरी केसरबाईकडे. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची, पिलं घारीपासून राखायची, सांज झाली की सगळ्यांना डाल्याखाली घालायचं. एवढं करून कोंबडी काही तिची नव्हती. पाहुणा दारात चप्पल काढायला वाकला, की नवरा इंद्रभान खुराड्याकडे निघालाच. पाहुण्याला कोंबडी कापली नाही तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही, असं त्याचं ठाम मत. माणूस वाईट नव्हता. बायकोवर त्याने कधी हात उगारला नाही. फक्त कोंबडी कोणाची, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही, आणि केसरबाईनेही तो कधी काढला नाही.

त्यांत एक ठिपक्याठिपक्यांची काबरी होती. मुंगसाच्या अंगावर धावून जाणारी, केसरबाईच्या मागे मागे विहिरीपर्यंत येणारी. मुलीला, सुचिताला, पाहायला संघपाल आणि त्याच्या घरचे आले, त्या दिवशी काबरी गेली. केसरबाईनेच मसाला वाटला, तिनेच वाढलं, आणि पोट दुखतं असं सांगून स्वतः जेवली नाही. संघपाल नळी चोखत म्हणाला होता, "रस्सा मस्त झाला, पन कोंबडी जराशी वातड हाये." शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ते हे असं. लग्न जमलं. जावई पुढे सोन्यासारखा निघाला, पण ते वाक्य केसरबाई विसरली नाही.

मुलगा चंद्रशेखर खामगावात नोकरीला लागला. नव्या लेआउटमध्ये त्याने घर बांधलं आणि आईबापांना घेऊन आला. घरामागे थोडी मोकळी जागा होती. तिथे धुण्याचा दगड, एक लिंबाचं झाड आणि बाकी नुसती माती. सून रेणुका एक दिवस मोबाइलवरून डोकं वर काढून म्हणाली, "आई, मागं चार कोंबड्या पाळू. तुमचं मन रमीन अन् घरची अंडी भेटतीन."

रिकामं बसून केसरबाईचे हात शिवशिवत होते, पाखरं तर तिला हवीच होती. पण आणखी एक काबरी स्वतःच्या हाताने शिजवायची तिची आता तयारी नव्हती.

"कोंबड्या नाई," ती म्हणाली. "बदकं आनू."

झालं, घरात दोन तट पडले. दोन कसले, एका तटात सगळे आणि दुसऱ्यात केसरबाई. चंद्रशेखर म्हणाला, इथे नळ आठ आठ दिवसांनी येतो आणि आईला बदकं सुचतात. रेणुकाने मोबाइल वाचून दाखवला. बदकाला चोच बुडेल एवढं पाणी रोज लागतं, ते चिखल करतं, घाण करतं. कोंबडी वाटीभर पाण्यात भागवते, खरकटं खाते, किडे वेचते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तेव्हा पहाटे आरवून शेजाऱ्यांची झोप मोडायचीही भीती नाही. नवख्या माणसाने कोंबडीच पाळावी.

यात खोटं काही नव्हतं आणि केसरबाई नवखी नव्हती. पण तिचा विचार वेगळाच होता. उंद्रीत काय नि खामगावात काय, पाहुण्यासाठी बदक कापल्याचं तिने अजून ऐकलं नव्हतं.

"पान्याचं काय करशीन वं?" इंद्रभानने विचारलं.

"माह्या आंघोळीतलं देईन."

चंद्रशेखरच्या ओळखीच्या एकाने धामणगाव बढ्याला शेततळ्यावर बदकं पाळली होती, तिथून चार आली. केसरबाईने शब्द पाळला. ती अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची. उरलेली अर्धी, शिवाय तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बदकांच्या घमेल्यात जायचं. संध्याकाळी तेच गढूळ पाणी तिने लावलेल्या वांग्यांना. वांगी अशी फोफावली की रेणुका शेजारी वाटत सुटली.

खरं सांगायचं तर बदकांवर केसरबाईचा जीव जडला नाही. कोंबडी हाकेला येते, मांडीशी येऊन बसते. ही चौघं मोर्चाला निघाल्यासारखी कलकलाट करत इकडून तिकडे जायची आणि तिच्याकडे ढुंकून बघायची नाहीत. पण ती जगणार होती. केसरबाईला तेवढं पुरे होतं.

हिवाळ्यात सुचिता आणि संघपाल आले. संघपाल मागच्या दारात उभा राहून बराच वेळ बदकं न्याहाळत होता.

"मामीजी, बदक म्या कधी खाल्लं नाई," तो हसून म्हणाला. "एकदा चव पाहाले पायजे."

"हाव, काऊन नाई!" इंद्रभान बाह्या सावरत उठलाच. "जवाईबुवा काय रोज येतात?"

त्याने एका बदकाचे पंख धरलेही. केसरबाई हातातलं वांगं टाकून आडवी आली.

"नाई."

"अवं, पाहुना हाये घरी."

"असू द्या. म्या पाळलं, म्या कापू देत नाई. काबरीही म्याच पाळली होती. तिले कापलं तवा मले कोनं पुसलं?"

इंद्रभान गोंधळला.

"कोनती काबरी?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं केसरबाई मनात ज्याच्यावर रुसून होती, त्याला रुसव्याचा पत्ताच नव्हता. तिला रडू आलं ते याचं. संघपाल ओशाळून म्हणाला, "राहू द्या मामाजी, म्या गंमत केली." इंद्रभानचा हात सैल पडला आणि बदक बोंबलत लिंबाखाली पळालं.

त्या दिवशी बदकाच्या अंड्यांचा रस्सा आणि वांग्याचं भरीत झालं. संघपालने दोनदा मागून घेतलं. अंड्याला वातड म्हणायची सोय नसते. गावात कोणाचं तोंड काळं झाल्याचं काही कानावर आलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी केसरबाई एकटीच गेली आणि टोपलीत दोन तलंगा घेऊन आली. कोवळ्या, अजून अंड्यावर न आलेल्या. एक लाल होती आणि एक पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची.

इंद्रभान ओट्यावर बसला होता. "कोंबड्याच पायजे होत्या, तं एवढा आटापिटा करून बदकं काऊन आनली?"

"बदकं भेवानं आनली होती," केसरबाई तलंगांच्या पायांची दोरी सोडत म्हणाली. "ह्या मले पायजे म्हून आनल्या."

त्याने ठिपक्यांच्या तलंगेकडे बोट केलं.

"काबरी म्हंतात ते हे का?"

"हाव."

"अशीच होती ती?"

"अशीच होती."

इंद्रभान उठला आणि त्या तलंगेसाठी वाटीभर पाणी आणायला आत गेला.