मिस मार्थाचं आगाऊ भाडं

आधीच माफी मागते. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाची खात्री देता येत नाही. अक्षराबद्दल तर न बोललेलं बरं. वाणीसुद्धा माझी यादी वाचत नाही, तोंडी सांगायला लावतो. (मी लाजते, म्हणून निम्मं सामान दुकानातच राहतं.) ही वही कोणाला दाखवायची नाहीये, पण चुकून कोणाच्या हाती लागली तर त्यांनी चुका पोटात घालाव्यात.

तर आमच्या नौपाड्यातल्या घरातून एक अमेरिकन नर्स भर दुपारी निथळत्या कपड्यांनी निघून गेली, ती परत आली नाही. तिला निथळवणारी मी.

झालं असं, की आम्हाला पैसे हवे होते. ओटी गळत होती. हे कचेरीत कारकून, पगार पंधरवड्यात संपायचा. तेव्हा ठाण्याच्या मिशनच्या इस्पितळात अमेरिकेहून एक नर्स शिकायला येणार आहे आणि तिला जागा हवी आहे, असं ह्यांना कळलं. भाडं महिना तीस रुपये! इस्पितळ सहा महिन्यांचं आगाऊ देणार! एकशेऐंशी रुपये मी तोवर एकत्र पाहिले नव्हते. पाहिले ते तीन दिवसच. ओटीची कौलं बदलली आणि उरलेल्या पैशांत ह्यांनी जुनी सायकल घेतली. सायकल ह्यांना येत नव्हती. अजून येत नाही. हातात धरून कचेरीत नेतात आणि हातात धरून आणतात.

कारकून माणसाला कागद करताना कलम घातल्याशिवाय चैन पडत नाही. इस्पितळवाल्यांनी मागितलं नव्हतं, तरी ह्यांनी भाडेपत्रात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कलम चार: घरमालकाच्या वागणुकीमुळे मुदतीपूर्वी जागा सोडावी लागल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे परत देण्यात येईल.' वर मला वाचून दाखवलं. "कसं आहे?" म्हणाले. मी म्हटलं, "छान आहे." माझ्या हातात तेव्हा दोन पाटल्या होत्या. मिस सहा महिने टिकली नाही तर त्या जाणार, एवढं मला चौथी शिकूनसुद्धा कळलं.

खरी अडचण सासूबाईंची होती. घरात कडक सोवळं. ह्यांनी त्यांना सांगितलं, "शिकायला येतेय ती."

"काय शिकायला?"

"पुस्तकं."

"मग हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या.

मिस मार्था आली. उंच, गोरी, केस गव्हाच्या काडासारखे पिवळे, आणि हसरी इतकी की आम्हालाच संकोच वाटावा. पहिल्याच संध्याकाळी ती इस्पितळातून आली ती सासूबाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि आज काय शिकली ते हातवारे करून सांगू लागली. आधी पोट दाखवलं. मग कण्हून दाखवलं. मग दोन्ही हात पुढे करून काहीतरी अलगद झेललं, उलटं धरलं, पाठीवर चापट मारली आणि "ट्यँहँ" केलं!

सासूबाईंच्या हातातली जपमाळ थांबली.

"इंदे," त्या मला म्हणाल्या, "ही सुईण आहे."

बरोबर रेबेकाबाई आल्या होत्या. नगरकडच्या, इस्पितळातल्या जुन्या नर्स. त्यांनी समजावलं, "आजी, हिच्या देशात बाळंतपण डॉक्टर करतो. नर्सनं तबक धरून उभं राहायचं. पण हिचं गाव डोंगरात. तिथवर डॉक्टर पोचत नाही. म्हणून इथं स्वतःच्या हातानं वीस बाळंतपणं करायची, डॉक्टरीणबाईंची सही घ्यायची आणि परत जायचं."

"तिनं वीस करावीत नाहीतर दोनशे," सासूबाई म्हणाल्या. "पण बाळंतिणीच्या खोलीतून आली की रोज डोक्यावरून अंघोळ. मगच ओटीवर पाऊल. हे घर आहे, सुईणवाडा नाही."

हे तिला सांगायचं कोणी? ह्यांनी सायकल पुसायला घेतली. "बायकांचा विषय आहे. तूच सांग."

मी! जिला वाण्याकडे हिंग मागता येत नाही ती!

दुसऱ्या दिवशी मी पायरीशी पाण्याची बादली भरून ठेवली आणि भिंतीला तोंड करून उभी राहिले. मिस आली, बादली पाहिली. "थँक यू!" म्हणाली, पाय धुतले आणि आत गेली. सासूबाईंनी ओटी गोमूत्र शिंपडून धुतली. तिसऱ्या दिवशी मी बादलीत तांब्या टाकून स्वतःच्या डोक्यावर ओतल्यासारखं करून दाखवलं. मिसनं माझ्या हातातून तांब्या घेतला आणि खरोखरच माझ्या डोक्यावर ओतला! मला मदत हवी आहे असं वाटलं बिचारीला.

चौथ्या दिवशी सासूबाई स्वतः दाराआड उभ्या राहिल्या. मिसनं पायरीवर पाय ठेवताच त्यांनी मागून भरला तांब्या तिच्या डोक्यावर उपडा केला. मिस किंचाळली. मग खो खो हसली, बादली उचलली आणि उरलेलं सगळं पाणी सासूबाईंवर! तिला वाटलं, हा इथला खेळ आहे. सासूबाई सोवळ्यात होत्या. त्यांना तिसऱ्यांदा अंघोळ करावी लागली, आणि त्या दिवशी घरात मला कोणी जेवलीस का म्हणून विचारलं नाही.

पण मग ते रोजचंच झालं. मिस यायची, डोळे मिटून पायरीवर उभी राहायची आणि मी तिच्या डोक्यावर पाणी ओतायची. ती घरी पत्र लिहून कळवत होती म्हणे, की इथे दमून आलेल्या माणसाचं असं स्वागत करतात. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पौष लागला तशी ती शिंकायला लागली. तिला ताप आला तर? इस्पितळात ठेवून घेतलं तर? कलम चार! मी पाणी तापवायला लागले. बंबाला इतकं जळण जाऊ लागलं, की तीस रुपये भाड्यातले किती उरतात हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही.

मराठी शब्दही ती शिकली, पण इस्पितळातले. पोफळीच्या वळणावर सायकल ढकलत धापा टाकणारे हे दिसले, की ती ओटीवरून ओरडायची, "जोर लाव! आणखी जोर लाव!" सगळी आळी खिडकीत यायची. हे दुसऱ्या रस्त्यानं येऊ लागले.

आणि आळीतल्या बायका! त्यांना फुकटची नर्स मिळाली. "मडमीणबाई आहेत का हो? सुनेचं पोट बघायचंय." ओटीवर रोज दोन-तीन पोटं बसलेली. सासूबाई माजघरातून विचारायच्या, "कोण आलंय गं?" मी म्हणायची, "कोणी नाही." खोटं बोलायची मला सवय नाही. हातातलं भांडं पडायचं.

असे दोन महिने कसेबसे गेले. मिसची सोळा बाळंतपणं झाली. मी भिंतीवर कोळशानं दिवस मोजत होते.

मग मामंजींचं श्राद्ध आलं.

श्राद्ध म्हणजे आमच्याकडे वर्षातला सगळ्यात कडक दिवस. मी तिथी नीट पाहिली होती. मिस सकाळी सातला जाते, संध्याकाळी येते, तोवर सगळं आटपतं. ओटी आणि माजघराच्या मधलं दार आतून लावून घेतलं. फक्त मी वार पाहिला नाही. तिथी पाहणारं माणूस वार कशाला पाहतं? तो रविवार होता. मिसची सुट्टी. ती दाराच्या पलीकडे आपल्या ओटीवरच्या खोलीत मोजे रफू करत बसली होती!

पितरांचे ब्राह्मण पानावर बसले. वडे वाढले, खीर वाढली. एवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली आणि एक खणखणीत आवाज आला, "अगो मडमीन बाय! धाव गो! माजी सून नाय पोचत इस्पितलान!"

कळव्याची मिठागरात काम करणारी बाई, सुनेला घेऊन इस्पितळात निघाली होती. सून गाडीतून ओरडत होती, "मना खाली उतरवा! आता नाय थांबत!"

भटजींचा हात वड्यावर थांबला. "काय आहे हे?"

"काही नाही, रस्त्यावरची गाडी आहे," हे म्हणाले.

मग ओटीवर पावलं वाजली. मग मिसचा आवाज आला. "श्वास घे! जोर लाव!" मग कळव्याच्या आजी. "लाव गो पोरी, मडमीन सांगते ना!" आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. ज्यांचं श्राद्ध होतं ते मामंजीही भिंतीवरच्या तसबिरीतून दाराकडेच बघतायत असं मला वाटलं. आणि मग स्पष्ट, कडक, नव्या फुप्फुसांचं "ट्यँहँ!"

"सोयर," भटजी म्हणाले, आणि हात पानाबाहेर काढला.

"थांबा!" सासूबाई म्हणाल्या. "ओटीवर झालंय. ओटी घराबाहेर!"

भटजी विचारात पडले. "ओटी घरात धरायची की बाहेर, हा प्रश्न आहे खरा. बाहेर धरली तर चालेल."

"बाहेरच! बाहेरच!" सासूबाई.

इथे ह्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण कागदाचा विषय निघाला की हे गप्प बसत नाहीत. "तसं म्हणता येणार नाही. भाडेपत्रात कलम एकमध्ये मी लिहिलंय, 'ओटी हा घराचाच भाग समजावा.'"

"मग घरात," भटजी म्हणाले.

"फाड तो मेला कागद!" सासूबाई ओरडल्या.

तेवढ्यात मधल्या दाराला धडक बसली. मिसला गरम पाणी हवं होतं. हात भरलेले, म्हणून तिनं खांद्यानं दार ढकललं. आमची कडी जुनी. ती निखळली आणि मिस मार्था, दोन्ही हात वर धरून, आनंदानं चेहरा लाल, थेट माजघरात! "मुलगी झाली!" ती ओरडली. तिला वाटलं, ब्राह्मणांना पेढ्याचा आनंद होईल.

"इंदे!" सासूबाईंचा आवाज चिरकला. "पाणी! आधी पाणी ओत तिच्यावर! पुढे येऊ देऊ नको!"

दोन महिने मी रोज हेच काम करत होते. एवढे पुरुष समोर, म्हणून मी लाजून डोळे मिटले, बाजूची पितळी बादली उचलली आणि ओतली.

पाण्याचा आवाज असा जड येत नाही, हे मला डोळे मिटलेलेच असताना कळलं.

ती कढीची बादली होती.

मी डोळे उघडले. मिसच्या पिवळ्या केसांत कढीलिंब. नाकावरून ओघळ. कानावर आल्याचा तुकडा. मिसनं ओठांवरून जीभ फिरवली आणि शांतपणे म्हणाली, "मीठ नाही."

(खरंच नव्हतं. श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो, मला कळणार कसं?)

गरम पाणी मीच दिलं. तिच्याकडे न बघता दिलं, म्हणून अर्धं सांडलं. मिसनं बाळंतिणीला आणि मुलीला गाडीत घातलं आणि कढीनं निथळत स्वतःही गाडीत बसली. कळव्याच्या आजी गाडीतून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नको रडू गो. मडमीन भली हाय. पन तू बादली बगून उचलीत जा." ब्राह्मण अर्ध्या पानावरून उठले. श्राद्ध पुन्हा करावं लागलं, पुन्हा वडे, पुन्हा खीर. मला त्या दिवशी चूल पेटवायला दिली नाही.

दुसऱ्या दिवशी रेबेकाबाई मिसची पेटी न्यायला आल्या. "मिसला राग नाही हो. पण मेट्रनबाईंनी सांगितलं, आता क्वार्टरमध्येच राहायचं." मग हळूच म्हणाल्या, "ओटीवरचं बाळंतपण विसात धरलं नाही बघा. सही करायला डॉक्टरीणबाई नव्हत्या ना." त्याचं मला कढीपेक्षा जास्त वाईट वाटलं. पुढे तिची वीस पुरी झाली आणि ती आपल्या डोंगरात गेली. जाताना भेटायला आली होती. मी लाजून कोठीत लपले.

इस्पितळाचं पत्र आलं. चार महिन्यांचे एकशेवीस रुपये, कलम चारप्रमाणे परत करावेत. ह्यांनी ते दोनदा वाचलं. "बघ, कलम किती स्वच्छ लिहिलंय! कुठे पळवाट नाही."

पाटल्या दुसऱ्यांदा केलेल्या श्राद्धात गेल्या होत्या. मग मी कुंच्या आणि टोपडी शिवायला लागले. आळीतल्या ज्या ज्या सुनांची पोटं मिसनं तपासली होती, त्यांच्याच बाळांसाठी. दहा रुपये साठले, की पदरात बांधून, लाजेनं तोंड झाकून इस्पितळाच्या खिडकीशी जायची, कारकुनापुढे ठेवायची आणि तो काही विचारायच्या आत पळत सुटायची. सहा खेपा केल्या. साठ रुपये! अर्धं देणं फिटलं म्हणून सहाव्या खेपेच्या दिवशी मी साखर घालून चहा प्याले.

सातव्या खेपेला रेबेकाबाई भेटल्या. म्हणाल्या, "अगं, तुझे पैसे अजून आलेच नाहीत म्हणतात." कारकून जेवायला गेलेला, तेव्हा आम्ही त्याची वही उघडून पाहिली. कारकून सज्जन होता. दर खेपेला त्यानं लिहिलं होतं, 'नाव न सांगणाऱ्या भगिनीकडून देणगी, रुपये दहा.' देणगी जमा झालेली, तिचे पाळण्यांवर पडदेही शिवून झालेले. परत मागायला तोंड हवं.

मी पहिल्यापासून सुरुवात केली, आता तोंड न झाकता, पैशांसोबत 'भाडं' अशी चिठ्ठी ठेवून. बारा खेपा. म्हणजे एकशेवीसचे मी एकशेऐंशी भरले आणि मिस मार्था आमच्याकडे दोन महिने फुकट राहिली, जळण आमचं. काल शेवटचे दहा रुपये ठेवले. सगळं देणं फिटलं. जन्मात पहिल्यांदा मी खिडकीशी थांबले, अंगातलं सगळं बळ एकवटलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हे दान नाही! आमच्याकडचं भाडं आहे!"

कारकुनानं पैसे मोजले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, भाडं भरायला अकरा महिने उशीर, आणि वर आवाज चढवता? तुमच्याआधी इथे एक बाई यायच्या. दान देऊनसुद्धा बिचाऱ्या एक शब्द बोलत नसत."