डोळे की डोये?

मंडळी, वाचन शिकवण्याच्या प्रशिक्षणाहून आत्ताच देऊळघाटला परतले. अंगात त्राण नाही.

प्रशिक्षक बाहेरगावचे. म्हणाले, "फळ्यावर 'डोळे' आहे आणि मूल 'डोये' वाचतंय, तर चूक धरा."

मी म्हटलं, "सर, आमच्याकडे घरोघरी डोयेच म्हणतात. त्यानं शब्द बरोबर ओळखला, फक्त आपल्या बोलीत म्हटला."

"मॅडम, तुम्हीच असं म्हणाल तर पोरं काय शिकणार?"

सगळे हसले. मग संध्याकाळपर्यंत मी प्रोजेक्टरच्या पडद्याकडे बघत बसले.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काऊन वं, तोंड उतरलं तुयं?"

"काही नाही आई, डोये दुखून राह्यले."

इतकी वर्षं मी पहिलीला वाचायला शिकवते. तुम्हीच सांगा, त्या सरांच्या हिशेबानं मला वाचता येतं का?