नकाशातलं घर

नगरपालिकेच्या फलकावर नव्या प्रभागांचा नकाशा लागला होता. आमच्या गल्लीतले सदाकाका घराला कुलूप घालून हरकतीचा अर्ज द्यायला आले होते. नव्या रेषेनं त्यांचं एकट्याचं घर गल्लीपासून तोडून पलीकडच्या प्रभागात टाकलं होतं. नकाशावर घर शोधत त्यांनी कारकुनाला विचारलं, "आमच्याकडे माणसं किती धरलीत?"

"जनगणनेला होती तेवढीच, काका."

"म्हणजे दोन."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मला तो नकाशा एकाएकी गजबजलेला दिसू लागला. मागच्या मोजणीनंतर गेलेलं प्रत्येक माणूस तिथं अजून आपापल्या घरी होतं.

काकांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. "तिथं तरी दोघं आहोत."