मागच्या रांगेतला होकार

माझे कान वरंध घाटाने खाल्ले. उभा जन्म त्या घाटात ट्रक चालवला. माझा हॉर्न वाजला की शिवथरच्या ओढ्यातले खेकडे घाबरून बिळात शिरत ते थेट भोरला बाहेर पडत. खेकड्यांचं ठीक झालं, त्यांना गाव बदलून मिळालं. माझे मात्र दोन्ही कान गेले.

बहिऱ्याचा संसार होकारावर चालतो. ‘काय म्हणालीस?’ असं विचारायचा कोटा प्रत्येक नवऱ्याला लग्नातच ठरवून मिळतो. माझा कधीच संपला. आता कानात मशीन आहे, तरी बायको बोलली की मान आपोआप डोलते.

दिवाळीनंतर अशीच एकदा डोलली, आणि पोलादपूरच्या आमच्या घराचं तंत्र बिघडलं. बायको डोळे पुसत हसली. मग कोंबड्या शेजारणीकडे गेल्या. दूध निम्म्यावर आलं. पुढे तिने मला कुकरसमोर बसवलं आणि शिट्ट्या ऐकू येत नाहीत म्हणून वाफेचे फवारे मोजायला शिकवलं. मला काही कळेना. घर विकलं की काय? ही मला सोडून चालली? की डॉक्टर माझ्याबद्दल काही वाईट बोलले? पण मरणाऱ्याला कुकर कोण शिकवतं!

मी कशाला हो म्हटलंय, हे तिलाच विचारायची सोय नव्हती. मेव्हण्याला चाचपून पाहिलं, तर तोच मला विचारू लागला, “दाजी, ताई काय सांगत नाय. म्हनते, सत्काराच्या भाषनात सांगेन. तुम्ही हो म्हटलंत म्हनं. हाय तरी काय?”

“गुपित आहे,” मी म्हटलं. खोटं कुठे होतं?

बायको शाळामास्तरीण. तिच्या निवृत्तीचा सत्कार महाडच्या हॉलमध्ये होता. पुरात बुडालेला हा हॉल नव्याने बांधला तेव्हा सरकारी नियमाप्रमाणे कमी ऐकू येणाऱ्यांची सोय करावी लागली. ठेकेदाराने फरशीखाली तारेचं वेटोळं घातलं आणि भिंतीवर कानाच्या चित्राची पाटी लावली. वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “गोंगाट करायचा नाय, म्हनून कान काढलाय.” मला मात्र मशीनवाल्या बाईंनी खरं ते सांगितलं होतं. असा कान दिसला की मशीनचं बटण ‘टी’वर करायचं. माइकचा आवाज तारेतून थेट कानात येतो, बाकी जग बंद. घोटाळा एवढाच, की तार फक्त मागच्या रांगांखाली होती. पुढे मान्यवरांचे सोफे. मान्यवर बहिरे असतात, हे ठेकेदाराला कोण सांगणार?

शाल-श्रीफळ झाल्यावर मला सत्कारमूर्तीचा नवरा म्हणून पहिल्या सोफ्यावर रोवलं. बटण दाबलं तर कानात नुसती घुंऽऽ. मी उठून मागे गेलो. झालं! जावई रुसला! मेव्हणा मागोमाग धावत आला, हात जोडून बोलू लागला. मी ‘टी’वर. तोंड मेव्हण्याचं हलतंय आणि आवाज येतोय मुख्याध्यापकांचा, “बाई म्हणजे आमच्या शाळेची माउली!” मिशाळ मेव्हणा मला माउली म्हणतोय असं वाटून मी गडबडलो आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तो त्याहून गडबडला आणि गुपचूप शेजारी बसला.

मग बायको उभी राहिली. तोंड उघडते न उघडते तोच सगळा हॉल कानामागे हात लावून माझ्याकडे, म्हणजे मागे, वळून बघू लागला. माझी नक्कल करतात की काय? नंतर कळलं, स्पीकर शिट्टी मारतात म्हणून माझ्या पाठीमागच्या माइकवाल्याने ते बंदच करून टाकले होते. फरशीखालच्या तारेला त्याचा पत्ताच नव्हता. बायको तर मास्तरीण, गोंगाटाला थांबेल कशी? सगळा हॉल बहिरा झाला आणि एकटा मी ऐकत होतो.

“लग्नाआधीपासून मनात होतं,” ती माझ्या कानात म्हणाली, “नर्मदेची परिक्रमा करायची. पायी. कितीही महिने लागोत. विचारायचा धीर होत नव्हता. यांना विचारलं, आणि हे एका क्षणात हो म्हणाले. वडिलांनी असा होकार मला कधी दिला नव्हता. त्या होकाराला उणं यायला नको, म्हणून इथे सगळ्यांदेखत सांगते.”

स्पीकर सुरू झाले तेव्हा ती नमस्कार करत होती. मी बटण फिरवलं. मेव्हणा माझा दंड हलवत होता. “दाजी, तुम्ही मान डोलवत होतात. काय बोलली ताई?”

कुणीच ऐकलं नव्हतं. मलाही कळलं नाही म्हटलं असतं, तर कोंबड्या परत, दूध परत, बायको घरात. घाटात ब्रेक गेला तेव्हाही छाती इतकी धडधडली नव्हती. तसाच स्टेजवर गेलो आणि माइक धरला. “ही नर्मदेला चाललीय. पायी. मी हो म्हटलंय.” टाळ्यांनी सावित्री नदीला पूर आला म्हणतात. मी पुन्हा बटण ‘टी’वर केलं होतं, कुणी काही विचारू नये म्हणून.

तेवढ्यात बायको माइकपासून दूर, माझ्याजवळ आली आणि हसत काहीतरी म्हणाली.

मी मान डोलावली.