कुसुमकाकीची नावेतली जोडी

मी पुलाच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं, हाही त्या नाववेड्यांपैकीच एक. पैनगंगेवर पूल झाला तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. माझं किराणा दुकान. पूर्वी बाजारातून गुळाच्या ढेपा आणायच्या तर नावेत बसावं लागे, आणि नाव सुटली की माझं पोट ढवळायला लागे. नागोराव नावाडी मला पाहताच म्हणायचा, "रविकांत, तू कडेले बस, अन् तोंड बाहीर ठेव." अशा माणसाला त्या दिवसांचं काय कौतुक असणार?

पण नशीब बघा, तेलंगणातल्या जैनथ मंडलातल्या आमच्या या काठावरच्या गावात नाववेड्यांचा अड्डा नेमका माझ्याच दुकानापुढच्या बाकड्यावर. पूल होऊन चार वर्षं झाली, नाव घाटावर पालथी पडली, तरी यांची बैठक रोज संध्याकाळी ठरलेली. बांगडीवाला महिपत त्यांचा म्होरक्या. त्यानं फोनवर 'नावेतले लोक' नावाचा गट काढला आणि अल्याड-पल्याडची सगळी जुनी मंडळी त्यात ओढली. रोज सकाळी तो नावेचा एकच अंधुक फोटो टाकतो आणि रोज सकाळी लोक त्याला हात जोडतात. मग सुरू होतं पुराण. कोणाची शेळी मधातच पाण्यात उडी मारून परत गेली, कोणाच्या वरातीतला ढोल नदीत पडला आणि वाहत वाहत नवरदेवाच्या आधी मांडवाच्या गावाला लागला. हा ढोल दर वर्षी आणखी एकेक गाव पुढं जातो. यंदा तो बहुतेक राजमुंद्रीला पोचणार.

या लोकांना बसमध्ये ओळखणं सोपं आहे. गाव आलं की सगळे एकदम उठत नाहीत. एक उठतो, उतरतो, मग दुसरा उठतो. एखादा जाडजूड माणूस डाव्या अंगाला बसला तर महिपत त्याला गोडीत सांगतो, "भाऊ, जरा इकडून बसता का?" कंडक्टर बिचारा तेलुगूत काहीतरी पुटपुटतो आणि कपाळाला हात लावतो.

त्यांना ही खोड लावली नागोरावनं. नाव एका अंगाला कलू नये म्हणून तो माणसांना वजनानं बसवायचा. तुम्ही डावीकडं, तर तुमच्या वजनाचं माणूस तुमच्या समोर, उजवीकडं. पहिल्या खेपेला त्यानं जिथं बसवलं ती तुमची जागा, आणि समोर बसलेलं माणूस ती तुमची जोडी. मग ती जोडी वर्षानुवर्षं टिकायची. जोडीतलं एक माणूस आजारी पडलं तर दुसऱ्याला आधी कळायचं, कारण समोरची जागा रिकामी दिसायची.

कुसुमकाकीची जोडी होती लक्ष्मीबाई.

कुसुमकाकी आमची शेजारीण. नदीच्या काठाला तिचा वांग्या-मेथीचा मळा. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. नवरा लवकर गेला, मुलगा भूषण आदिलाबादला नोकरीला लागला, पण बाईनं मळा सोडला नाही. "माती हाय तोवर मी कोनाच्या दारात उभी राहत नाई," असं ती म्हणते, आणि खरंच राहत नाही. दुकानात उधार मागत नाही आणि भावात मला सोडत नाही.

बाजाराच्या दिवशी नाव आमच्या घाटावरून सुटायची, आधी पल्याड टेकायची, तिथली माणसं घ्यायची, आणि मग प्रवाहाबरोबर खाली बाजाराच्या गावाला जायची. पल्याडच्या घाटावर लक्ष्मीबाई चढायची. घरी भरडलेल्या तुरीच्या डाळीचं गाठोडं डोक्यावर, तोंडात पानाचा विडा. दोघी समोरासमोर बसल्या की नावेत तिसऱ्याला बोलायला जागा उरत नसे. हिची भाकर तिला, तिचा ठेचा हिला. भूषणला गोवर निघाला तेव्हा लक्ष्मीबाईनं तिकडं नवस केला. लक्ष्मीबाईच्या राजकुमारला मुलगी झाली तेव्हा इकडं काकीनं गल्लीत पेढे वाटले, आणि आम्ही विचारलं, कोणाची नात, तर म्हणाली, "माह्याच जोडीची."

असं असताना भांडण झालं, आणि तेही या पुलापायी.

पुलावरून पहिली बस जायची होती त्याच दिवशी नाववेड्यांनी नावेची शेवटची खेप ठरवली. हट्ट, दुसरं काय! नाव पल्याडच्या घाटाला लागली. लक्ष्मीबाई आली नाही. ती वर पुलाच्या तोंडाशी उभी होती, बसपुढं नारळ फोडत. नागोरावला नाव तर सरळ ठेवायची होती. त्यानं समोरच्या जागेवर सोयाबीनचं पोतं ठेवलं. काकी भडकली. "माह्या जोडीले पोतं?" आणि रागाच्या भरात सगळ्यांच्या देखत बोलून गेली, "ज्यायले पूल गोड वाटते, त्यायनं आमच्याशी नातं ठेऊ नोये." असल्या वाक्याला नदी ओलांडायला नाव लागत नाही. दुसऱ्या दिवशी पल्याडून उत्तर आलं, "पान्यावरची वळख पान्यातच राह्यली म्हना."

झालं. चार वर्षं दोघी बोलल्या नाहीत. पुलावरून जाणारी बस लक्ष्मीबाईच्या गावात थांबते, म्हणून काकी पुलावर पाऊलच ठेवेना. पल्याडच्या बाजारात वांग्याला बरा भाव, तरी ही माल घेऊन जैनथला जाणार. महिपतला वाटायचं, काय ही नावेवरची निष्ठा! तो तिचं उदाहरण सगळ्यांना द्यायचा. मला वाटायचं, ही निष्ठा नाही, ही भीती आहे. पण किराणा दुकानदाराचं कोण ऐकतो?

यंदा महिपतच्या डोक्यात कल्पना आली. दसऱ्याला सीमोल्लंघन करतात ना, मग आपली सरहद तर ही नदीच. नाव दुरुस्त करू, पल्याड जाऊ, सोनं देऊ-घेऊ आणि परत येऊ. नागोराव म्हातारा झाला असला तरी एका खेपेला तयार झाला. नाव उलटीची सुलटी झाली, भेगांत डांबर भरलं गेलं. फोनवर तर नुसता उच्छाद.

कुसुमकाकी मात्र रोज एकच विचारायची. "लक्ष्मी येईन का रे?"

महिपतनं गटावर निरोप टाकला. राजकुमारनं उत्तरादाखल अंगठा दाखवला. अंगठ्याचा अर्थ काय लावायचा? काकी मला म्हणाली, "रविकांत, हा अंगठा येते म्हून हाय का आमी वाचलं म्हून?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. ती बाकड्यावर बसली आणि स्पष्टच बोलली. "ती एक डाव माह्या समोर येऊन बसली पायजे. बस. मंग नाव बुडो का राहो, मले काई मागनं नाई."

दसऱ्याला नदी दोन्ही काठ भरून, पण शांत होती. दुपारी सगळे घाटावर जमले. नागोरावनं जुन्या सवयीनं एकेकाला जागा दाखवली. काकी डावीकडं बसली, पदरात आपट्याच्या पानांचा मोठा जुडगा. समोरची जागा लक्ष्मीबाईसाठी ठेवलेली, पण पल्याड जाईपर्यंत तिथं कोणीतरी हवं. नागोरावची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी फक्त निरोप द्यायला आलो होतो! "तुहं वजन बरोबर बसते," तो म्हणाला. गेल्या चार वर्षांत मी सुटलो होतो, हे त्यानं भर घाटावर जाहीर केलं. मी बसलो, कडेला, तोंड बाहेर ठेवून.

पल्याडच्या घाटावर ढोल वाजत होता. अख्खं गाव आलं होतं. काकी नावेतूनच मान उंच करून एकेक चेहरा पाहत होती. शेवटी राजकुमार पुढं आला, काकीच्या पाया पडला आणि खाली पाहत म्हणाला, "माय घरीच हाय, मावशी. ती नाई येत."

काकीनं हूं केलं. खाली उतरली, भेटेल त्याला सोनं दिलं, मोठ्यांच्या पाया पडली. तोंडानं हसत होती, पण मला ते हसणं बघवेना. थोड्या वेळानं ती परत जाऊन आपल्या जागेवर बसली आणि म्हणाली, "सोड नागोराव."

मला संताप आला. इतका की पोट ढवळायचं थांबलं. मी म्हटलं, "काकी, तिचं घर इथंच तर हाय. गिरनीच्या मांगं. जाऊन ये ना!"

"मी कदी गेली नाई."

"भांडनानंतर?"

"कदीच नाई रे." ती एकदम हळू बोलली. "नाव थांबतच किती होती? मानसं चढली का सुटली."

नागोरावनं उचललेला बांबू परत खाली ठेवला. आपण ज्यांची जोडी दोन गावांना सांगत होतो, त्या दोघींनी एकमेकींचा उंबरठा पाहिला नव्हता. जी काही मैत्री झाली ती पाण्यावर झाली. पूल झाल्यावर एकमेकींकडं जायचं कसं, हेच दोघींना ठाऊक नव्हतं.

"आता कोन्या तोंडानं जाऊ?" काकी म्हणाली.

"हाय त्याच तोंडानं," मी म्हटलं. "मी चाललो. मले जमिनीवर बरं वाटते. यायचं असन तं ये." आणि मागं न पाहता घाट चढायला लागलो. अर्ध्यात गेल्यावर मागून तिच्या वहाणांचा आवाज आला.

गिरणीच्या मागचं ते घर. ओसरीत बाजेवर लक्ष्मीबाई पाय लांब करून बसली होती. नवं लुगडं नेसलेली, डोक्याला तेल, तोंडात विडा. गुडघ्यांना फडकी बांधलेली. आम्हाला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि त्याचा राग तिनं काकीवर काढला.

"आली का व? वाट तं सापडली!"

"तू काऊन नाई आली घाटावर?"

"कशी येऊ? हे गुडघे पाह्य. नावेत बसली तं उचलाले क्रेन लागन."

"मंग निरोप द्याचा व!"

"तू देल्ता का?"

दोघी घुश्शात एकमेकींकडं बघत राहिल्या. मी दारात उभा, आत जावं की पळावं कळेना. मग काकी बाजेच्या कडेला टेकली. "एक सांग. तू त्या दिवशी पुलाले नारळ काऊन फोडला? मी खाली नावेत होती. तुले दिसत होती ना मी?"

"दिसत होती." लक्ष्मीबाईनं विडा गालात सारला. तिचे डोळे भरले आणि तिनं ते लपवलेही नाहीत. "इतकी वर्सं तू माह्या घाटाले येत होती अन् घाटावरूनच पुढं जात होती. मले वाटलं, आता पूल झाला, आता कुसूम घरी येईन. म्हून फोडला."

काकीनं पदरातला उरलेला सगळा जुडगा लक्ष्मीबाईच्या मांडीवर ओतला आणि तिच्या गळ्यात पडून रडली. लक्ष्मीबाई तिच्या पाठीवर थोपटत मला म्हणाली, "तू काऊन उभा हाय रे? बस ना." मी बसलो.

मग राजकुमारच्या बायकोनं पुऱ्या तळल्या, खीर आली. जेवता जेवता लक्ष्मीबाई म्हणाली, "आता तुहं घर दाखव. आजच." काकी दचकली. घर झाडलेलं नाही, अंगणात वांग्याची पाटी तशीच, साखर आहे की नाही कोण जाणे. लक्ष्मीबाई ऐकते कुठली! राजकुमारनं आपला ऑटो काढला, आईला उचलून मागं बसवलं. तिचे पाय लांब ठेवायचे म्हणून काकी कोपऱ्यात दाबून बसली. मला जागा नव्हती.

म्हणजे पुलाचा एवढा कैवारी मी, आणि मलाच नावेनं परत यावं लागलं. घाटावर नागोरावनं विचारलं, "कुसूमबाई कोठी हाय?" मी म्हटलं, "पुलानं गेली." महिपतनं असं तोंड केलं जसं कोणी त्याच्या बांगड्यांवर पाय दिला. पण लक्ष्मीबाईही ऑटोत आहे म्हटल्यावर म्हातारा नागोराव हसायला लागला. त्यानं काकीच्या जागी महिपतला बसवलं, बांबू टेकवला आणि नाव पाण्यात लोटली. नदीच्या मध्यावर आलो तेव्हा वर पुलावर ऑटो थांबलेला दिसला. कठड्याला धरून काकी उभी होती, एकदा या काठाकडं हात करत होती, एकदा त्या काठाकडं. आम्ही ओरडलो, पण तिचं आमच्याकडं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. लक्ष्मीबाई रात्री तिच्याकडंच राहिली होती, म्हणून जास्तीची साखर हवी होती. पुडा घेता घेता माझ्यावरच उखडली.

"रविकांत, चार वर्सं पूल चांगला, पूल चांगला करून राह्यला. पुलाच्या मधात उभं राह्यलं का तिचं घर अन् माह्यं घर, दोनी दिसते. हे काऊन नाई सांगतलं?"

मला तरी कुठं माहीत होतं. मी पुलावर कधी थांबलोच नव्हतो.