माणूस किंवा कोणीच नाही

आमच्या ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. बूड म्हणून खुर्चीला टेकत नाही. फोनवर बोलताना जिन्यापर्यंत जाऊन येते, आणि कोणी काही समजावून सांगायला लागलं की "हं, हं, पुढे" म्हणत त्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करते, बहुतेक वेळा चुकीचं. मी तिच्या शेजारी बसते आणि मला शांतता लागते. आमचं कसं जमतं, हे आम्हालाच ठाऊक नाही.

आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी गळ्यात घालायचं बटण आणि त्याच्यासोबत घरात ठेवायची, बोलता-ऐकता येणारी डबी बनवते. बटण दाबलं की आमचा प्रोग्रॅम नातेवाइकांना फोन लावतो. आधी पहिल्याला, त्याने नाही उचलला तर दुसऱ्याला, आणि कोणीच नाही मिळालं तर खालच्या मजल्यावर आमच्या फोनच्या खोलीत, जिथे पाळीपाळीने मुली बसतात. भिंगरीचे वडील आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. तिची आई गेल्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहतात. लेकीकडे या म्हटलं तर म्हणतात, "माझं घर, माझं कुलूप." त्यांच्या गळ्यातही आमचंच बटण. त्यामुळे हिचा फोन कायम टेबलावर उताणा, आणि गॅसवर दूध ठेवलेल्या बाईसारखी हिची एक नजर कायम तिकडे.

अशा बाईला साहेबांनी टाइप हिंटचं काम दिलं. आमचा पायथन या संगणकभाषेतला कोड जुना, किती हातांनी लिहिलेला, आणि त्यातले निम्मे हात कंपनी सोडून गेलेले. कुठल्या फंक्शनमधून, म्हणजे कोडच्या कुठल्या तुकड्यातून, काय बाहेर पडेल, आकडा, मजकूर की माणसाची माहिती, हे कुठेच लिहिलेलं नाही. पायथन विचारतही नाही. चालतंय तोवर चालवतो आणि फुटायचं तेव्हा फुटतो. आता ते सगळं लिहायचं, त्यालाच हिंट म्हणतात; मग चेकर नावाचा प्रोग्रॅम ते वाचतो आणि जुळत नाही तिथे लाल खूण करतो. हे वेळखाऊ, कंटाळवाणं काम. पण भिंगरीला आवडलं. एक फाइल झाली की दुसरी, सारखं काहीतरी संपवल्याचं सुख!

फोन कोणाला लावायचा हे ठरवणारी फाइल तिने सकाळी घेतली. 'पुढचा नातेवाईक' नावाचं फंक्शन. नावातच उत्तर आहे म्हणत तिने हिंट लिहिली: यातून माणूस बाहेर येतो. आता ही माहिती डेटाबेसमधून येते, चेकरला आतलं काही दिसत नाही. तुम्ही सांगाल ते तो खरं मानून चालतो. त्यामुळे खालच्या एका ओळीवर त्याने लगेच खूण केली. 'माणूस नसेल तर फोनच्या खोलीला लावा' अशी ती ओळ होती. चेकरचं म्हणणं, माणूस तर नेहमी असणारच, मग इथे कधी पोचणारच नाही. भिंगरीने ओळ उडवली. फाइल स्वच्छ. साहेबांनी नजर टाकली, "छान," म्हणाले, आणि संध्याकाळी हे चालू करायचं ठरलं.

दुपारी तिच्या बाबांचा फोन आला. ती जिन्याकडे निघाली, पण अर्ध्यातच थांबली, म्हणून मला ऐकू आलं.

"नाही बाबा, मी नाही उचलला तर दुसऱ्याला जातो... दुसरं कोण म्हणजे? तुम्ही का विचारताय पण?... बरं, असंच. मी बघते."

ती परत येऊन बसली. बसली, म्हणजे खरोखर बसली. तिने बाबांची माहिती उघडली. पहिलं नाव हिचं. दुसरी जागा रिकामी. तिथे आईचं नाव होतं, आणि आई गेल्यावर ते हिनेच पुसलं होतं.

"अगं," ती मला म्हणाली, "मी ती ओळ उडवली."

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. बाबांनी बटण दाबलं आणि हिने उचललं नाही, की प्रोग्रॅम पुढचा नातेवाईक मागणार, हातात येणार 'कोणीच नाही', आणि त्या कोणीच-नाहीचा फोन नंबर शोधायला जाऊन तो तिथल्या तिथे कोलमडणार. ना हिला कळणार, ना खालच्या मुलींना. म्हातारा जमिनीवर पडून वाट बघणार. आणि हिंट? ती नुसती लिहिलेली. चालत्या प्रोग्रॅमला तिची काडीचीही पर्वा नसते.

तिने संध्याकाळचं काम थांबवलं, उडवलेली ओळ परत आणली आणि हिंट बदलली: माणूस किंवा कोणीच नाही. लगेच चेकरने जागोजाग लाल खुणा उमटवल्या. जिथे जिथे त्या माणसाचं नाव, नंबर, पत्ता वापरला होता, तिथे तिथे एकच प्रश्न: आणि कोणी नसेल तर? आमचे जुने लोक बहुतेक ठिकाणी हा प्रश्न विसरूनच गेले होते.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "एवढं लाल? तिथे 'काहीही चालेल' अशी हिंट टाका ना. चेकर गप्प बसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"काहीही म्हणजे काय, साहेब?" भिंगरी उठून उभी राहिली. "फोन कोण उचलणार ते सांगा. नाव सांगा, मी तेच लिहिते."

साहेब वाईट नाहीत, फक्त त्यांना लाल जाऊन सगळं हिरवं झालेलं बघायची घाई असते. ते जागेवर जाऊन बसले आणि निम्म्या खुणा त्यांनी स्वतः उचलल्या. मीही थोड्या घेतल्या, कुरकुरत. ऑफिस सुटायच्या सुमारास काम आटोपलं आणि नवा कोड चालू झाला. मला वाटलं, चला, आता ही घटकाभर तरी शांत बसेल. छे! पर्स उचलली आणि थेट बाबांकडे. पुढचं तिनेच मला सांगितलं.

बाबा खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. हिने चप्पलही न काढता सांगितलं, "दाबा."

"अगं, तू समोर उभी आहेस."

"दाबा म्हणते ना. मी उचलणार नाहीये."

त्यांनी दाबलं. हिचा फोन वाजायला लागला. हिने हात मागे बांधून घेतले. स्वतःच्या बाबांचा फोन वाजतोय आणि आपण उचलत नाही, हे तिला इतकं असह्य झालं की ती खोलीत येरझारा घालायला लागली. फोन वाजून वाजून थांबला. रेडिओ सोडला तर खोलीत काही म्हणजे काही आवाज नाही. तिचं धाबं दणाणलं. आणि मग भिंतीजवळच्या डबीतून आमच्या फोनच्या खोलीतली एक मुलगी बोलली.

"काका, मी मदतीसाठी बोलतेय. बरे आहात ना? पडलात का कुठे?"

भिंगरीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि ती आल्यापासून पहिल्यांदा खाली बसली. आता बाबा म्हणतील, नाही हो, मुलगी चाचणी घेतेय, असं तिला वाटलं.

बाबांनी डबीकडे पाहिलं. लेकीकडे नाही.

"आज नाही, बाई," ते म्हणाले. "परवा पडलो होतो. न्हाणीघरात. बराच वेळ उठता आलं नाही."

"मग बटण का नाही दाबलंत, काका?"

"ते लेकीला लागतं ना," बाबा म्हणाले. "ती कामात असते. तुम्ही उचलता हे माहीत असतं, तर दाबलं असतं."